किल दिलं तरी बॅकअप थांबेना, सर्व्हिस रीस्टार्ट करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर साधारण ९०० जीबीचा डेटाबेस. रात्री अकराला एजंटच्या (ठरल्या वेळी कामं चालवणारी एसक्यूएल सर्व्हरची सोबतची सेवा) जॉबमधून फुल बॅकअप सुरू झाला, तोही नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये. सकाळचे दहा वाजले तरी चालूच. ‘सिस्टीम स्लो आहे’ म्हणून फोन यायला लागले, म्हणून ते सेशन (सर्व्हरशी उघडलेलं कनेक्शन) तोडणारी किल कमांड दिली. त्याला तास झाला, सेशन ‘किल्ड रोलबॅक’ (तोडलंय, झालेलं काम मागे फिरवतोय) दाखवतंय आणि टक्केवारी शून्यावरून हलत नाही. डेटाबेस करप्ट होईल का? सर्व्हिस रीस्टार्ट करू का? आणि पोस्टग्रेस हा दुसरा एक डेटाबेस सर्व्हरही सांभाळायचा आहे, तिथे अशी वेळ आली तर काय करायचं?

करप्ट होणार नाही. रीस्टार्ट इतक्यात करू नका. आता कारणं सांगतो.

बॅकअप डेटा फाइलींमधली पेजेस वाचतो आणि दुसरीकडे नेऊन लिहितो. तुमच्या टेबलांमधल्या एकाही ओळीला तो हात लावत नाही. म्हणून तो अर्ध्यावर तोडला तर मागे फिरवण्यासारखं फारसं काही नसतंच. डिफरन्शियलचा (मागच्या फुलनंतर बदललेल्या भागाच्या बॅकअपचा) पाया तोच राहतो, जो मागच्या यशस्वी फुल बॅकअपने घालून दिला. लॉग बॅकअपची (ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, तिच्या बॅकअपची) साखळीही तुटत नाही. एमएसडीबीमध्ये (एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःच्या नोंदींचा डेटाबेस) बॅकअपची नोंद पडते ती तो पूर्ण झाल्यावर, त्यामुळे तोडलेल्या बॅकअपची तिथे खूण राहत नाही. एरर लॉगमध्ये मात्र ३०४१ क्रमांकाची एरर दिसेल. ती पाहून दचकू नका, बॅकअप पुरा झाला नाही एवढंच ती सांगते.

मग तास झाला तरी सेशन जात का नाही? किल कमांड कोणाला ओढून बाहेर काढत नाही. ती त्या सेशनवर ‘आता आवरा’ अशी खूण ठेवते, आणि काम करणारा थ्रेड पुढच्या टप्प्यावर आला की ती खूण पाहून आवरतं घेतो. पण तो थ्रेड विंडोजला ‘हे शेअरवर लिही’ सांगून उत्तराची वाट बघत बसला असेल, तर उत्तर येईपर्यंत त्याला खूण दिसतच नाही. समोरचा फाइल सर्व्हर झोपलाय, विंडोज वाट बघतंय, एसक्यूएल सर्व्हर विंडोजची वाट बघतंय, आणि तुम्ही एसक्यूएल सर्व्हरची. रोलबॅक कुठवर आला ते विचारणारी ‘किल विथ स्टेटसओन्ली’ कमांड दिल्यावर येणारं ‘शून्य टक्के, शून्य सेकंद बाकी’ हे उत्तरही त्यामुळेच फसवं आहे. रोलबॅक करण्यासारखं काही नाही, म्हणून मोजायलाही काही नाही. तीच कमांड दहा वेळा दिल्याने काहीही जास्त घडत नाही. माणसं देतात खरी. लिफ्टचं बटण दाबत राहावं तसं.

म्हणून सगळ्यात आधी ते सेशन नेमकं कशाची वाट बघतंय ते पाहा. ‘डीएम एक्झेक रिक्वेस्ट्स’ या सिस्टीम व्ह्यूमध्ये त्या सेशनची ओळ काढा आणि तीन गोष्टी वाचा: कमांड, वेट टाइप आणि पर्सेंट कम्प्लीट. ही ओळ किल देण्याआधी वाचायची असते, कारण नंतर कमांडच्या जागी ‘किल्ड रोलबॅक’ येतं आणि मूळ काम काय होतं ते कळेनासं होतं. हे महत्त्वाचं अशासाठी की रात्रीच्या जॉबमध्ये बहुतेक ठिकाणी आधी इंडेक्स रीबिल्ड (टेबलांच्या शोधसूच्या नव्याने बांधणं) आणि मग बॅकअप असतो. जॉबचं नाव ‘नाइटली बॅकअप’, आणि प्रत्यक्षात चाललाय रीबिल्ड! तो तोडला तर खरा रोलबॅक होतो, आणि तो तासन्‌तास चालू शकतो. त्या वेळी सर्व्हिस रीस्टार्ट केली तर वर येताना रिकव्हरीत तोच रोलबॅक पुढे चालतो, वर तेवढा वेळ डेटाबेसही मिळत नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून आलेली ‘अ‍ॅक्सिलरेटेड डेटाबेस रिकव्हरी’ (रोलबॅक झटपट उरकणारी सोय) चालू केली असेल तर हे दुखणं पुष्कळ कमी होतं, पण जुन्या इन्स्टॉलेशनवर ती कुठली असायला?

वेट टाइपमध्ये ‘बॅकअपआयओ’ दिसत असेल तर लिहायची जागा हळू आहे किंवा अडकली आहे. ‘प्रीएम्प्टिव्ह’ने सुरू होऊन ‘पाइपऑप्स’ने संपणारा वेट दिसला तर प्रकरण वेगळं आहे. बॅकअप कधीच संपलाय, आणि जॉब ‘एक्सपी सीएमडीशेल’मधून (एसक्यूएलमधून विंडोजच्या कमांड चालवायची सोय) फाइल दुसरीकडे कॉपी करतोय. बाहेर चाललेली ती रोबोकॉपी किंवा झिप करणारी प्रोसेस किल कमांडच्या कक्षेत येत नाही. सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडून ती प्रोसेस बंद करा, सेशन लगेच निघून जातं. ‘किल्ड रोलबॅक’मध्ये दिवसभर लटकलेली सेशन्स मी पाहिली आहेत, त्यातली बरीचशी याच जातीची होती.

तुमच्या बाबतीत शेअर फोल्डरवरच संशय आहे. फाइल सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्समध्ये ओपन फाइल्सची यादी असते. त्यात तुमच्या बॅकअपची ‘.bak’ फाइल सापडेल, ती तिथून बंद करा. फाइल सर्व्हर नसून एनएएसचा (नेटवर्कवरच्या साठवणीचा) डबा असेल तर त्याच्या कन्सोलमधून ते कनेक्शन तोडा. बहुतेक वेळा विंडोजला लगेच एरर मिळते (ऑपरेटिंग सिस्टीम एरर ६४, म्हणजे नेटवर्कवरचं ते नाव आता उपलब्ध नाही), थ्रेड जागा होतो, किलची खूण पाहतो आणि सेशन संपतं. सर्व्हिसला हात लावावा लागत नाही.

पण हे करण्याआधी एजंटचा जॉब थांबवा. स्टेपच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर ‘रीट्राय अटेम्प्ट्स’ असतात. तिथे कोणी तीन-चार घालून ठेवले असतील तर तुम्ही सेशन मारल्यावर एजंट समजतो की स्टेप फेल झाली, आणि काही मिनिटांत तोच बॅकअप पहिल्यापासून सुरू करतो. ‘मारला तरी परत येतो’ अशी तक्रार आली की पहिली नजर तिथे टाकायची. दुसरी नजर ‘फेल झाल्यावर काय’ या रकान्यावर. तिथे ‘पुढच्या स्टेपवर जा’ असेल आणि पुढची स्टेप जुन्या बॅकअप फाइली उडवण्याची असेल, तर नवा बॅकअप झाला नाही आणि जुनाही गेला अशी अवस्था होते. जॉबच थांबवला की हे दोन्ही टळतं.

खरा धोका असतो तो फाइलीच्या नावात. जॉबमध्ये दर रात्री एकाच नावाच्या फाइलीवर ‘इनिट’ (आधीचं पुसून नव्याने लिही) देऊन लिहायची पद्धत असेल, तर कालचा चांगला बॅकअप रात्री अकरालाच पुसला गेला आहे. चालू बॅकअप हाच तुमचा एकमेव बॅकअप होणार होता आणि तोच तुम्ही तोडताय. तो ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलेला असेल तर मी वापरणाऱ्यांचे फोन सहन करीन पण बॅकअप होऊ देईन. नावात तारीख-वेळ असेल आणि परवाची, कालची फाइल जागेवर असेल, तर खुशाल तोडा. तोडायचं की नाही हे मी सगळ्यात जास्त याच एका गोष्टीवर ठरवतो.

टक्केवारीबद्दलही सांगतो, कारण तिच्यावरून ‘अडकलाय’ असा निष्कर्ष फार घाईने निघतो. कॉम्प्रेशन चालू असेल तर एसक्यूएल सर्व्हर बॅकअप फाइलीला अंदाजाने आधीच जागा घेऊन ठेवतो आणि शेवटी नको ती सोडतो. त्यामुळे एक्सप्लोररमध्ये फाइलीचा आकार तासभर तोच दिसला तरी आत लिहिणं चालू असू शकतं. उलट बाजूला, १०० टक्के दिसूनही बॅकअप संपत नाही, तेव्हा तो बॅकअपच्या काळात साठलेला ट्रान्झॅक्शन लॉग लिहीत असतो. रात्री कोणी मोठा अपडेट चालवला असेल तर हे शेपूट लांबतं. म्हणून आकडा एकदा पाहून ठरवू नका. आता पाहा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा, फरकावरून हिशेब मांडा. दोन्ही वेळा आकडा दशांशापर्यंत तोच आणि वेट टाइपही तोच, तर अडकला म्हणा.

आणि ‘सिस्टीम स्लो’चं खापर बॅकअपवर फोडण्याआधी हेही लक्षात घ्या: फुल बॅकअप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या क्वेरींना ब्लॉक करत नाही. तो डिस्क आणि नेटवर्क खातो, थोडा सीपीयू खातो, शिवाय तो चालू असताना डेटाबेस श्रिंक (आकार लहान) करता येत नाही आणि त्यात नव्या फाइली जोडता किंवा असलेल्या काढता येत नाहीत. एवढंच. बिल सेव्ह करताना स्क्रीन गोठत असेल तर त्याच सिस्टीम व्ह्यूमधला ‘ब्लॉकिंग सेशन आयडी’ बघा. पुष्कळदा अपराधी वेगळाच निघतो: कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून चहाला गेलेला असतो.

बॅकअप लांबल्याने एक गोष्ट मात्र खरोखर फुगते, ती म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग. मधल्या काळात लॉग बॅकअप चालतात, पण फुल बॅकअपला लागणारा लॉगचा भाग रिकामा होत नाही. ‘सिस डेटाबेसेस’मध्ये लॉग रीयूज वेटच्या रकान्यात ‘अ‍ॅक्टिव्ह बॅकअप ऑर रिस्टोअर’ लिहिलेलं दिसेल. अकरा तास चाललेला बॅकअप आणि लॉगच्या ड्राइव्हवर थोडीच जागा, असं असेल तर बॅकअप तोडण्याला ते सबळ कारण आहे. लॉगचा ड्राइव्ह भरला की सगळे इन्सर्ट-अपडेट थांबतात, आणि मग फोन ‘स्लो आहे’ म्हणून येत नाहीत.

सेशन एकदाचं गेलं की उरलेली फाइल बघा. त्या बॅकअपने फाइल नव्याने बनवली असेल तर एसक्यूएल सर्व्हर सहसा ती स्वतःच काढून टाकतो. नेटवर्क तुटल्यामुळे काढता आली नाही तर ती अर्धवट पडून राहते. एकाच फाइलीत मागून जोडत जायची सवय असेल तर ‘रिस्टोअर हेडरओन्ली’ चालवून पाहा, अर्धवट बॅकअपच्या नावापुढे ‘इनकम्प्लीट’ अशी नोंद दिसते. बॅकअप चार फाइलींत वाटून घेत असाल तर चारही मिळून एक संच असतो, त्यातल्या तीन ‘बऱ्या’ दिसतात म्हणून ठेवू नका. आणि तोडलेला बॅकअप जिथे थांबला तिथून पुढे सुरू करता येत नाही. कमांडच्या व्याकरणात ‘रीस्टार्ट’ हा शब्द अजून दिसतो, पण २००८ च्या आवृत्तीपासून त्याचा काही परिणाम होत नाही.

आता आजचा दिवस कसा काढायचा? फुल बॅकअप पुन्हा लगेच लावू नका. डिफरन्शियल घ्या. मागच्या यशस्वी फुलनंतर बदललेला भागच त्यात जातो, त्यामुळे तो सहसा बराच लहान असतो आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उरकतो. लिहायला शेअर नको, जागा असेल तर लोकल डिस्क घ्या आणि नंतर सावकाश कॉपी करा. मात्र पाया कोणता ते एमएसडीबीतल्या ‘बॅकअपसेट’ टेबलमध्ये तपासा. व्हीएमचा (आभासी सर्व्हरचा) स्नॅपशॉट घेणारं सॉफ्टवेअरही बरेचदा एसक्यूएल सर्व्हरच्या नावावर फुल बॅकअप नोंदवतं, आणि ‘कॉपी ओन्ली’ (पाया न हलवणारा बॅकअप) नसेल तर डिफरन्शियलचा पाया तिकडे सरकतो. त्या टेबलमध्ये ‘इज स्नॅपशॉट’ एक असेल किंवा फाइलीच्या जागी महिरपी कंसातला लांबलचक आयडी असेल, तर ते त्याचंच काम. असा चालू बॅकअप थांबवायचा असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या कन्सोलमधून थांबवा. नुसतं एसक्यूएलचं सेशन मारलं तर त्यांचा एजंट पलीकडे वाट बघत राहतो.

रात्रीसाठी नेटवर्क तपासा. ९०० जीबी एक गिगाबिटच्या लाइनवर, सेकंदाला १२५ एमबी धरून, कॉम्प्रेशन नसताना दोन तासांत जातात. प्रत्यक्षात तीन धरा. तीच लाइन १०० मेगाबिटवर आली तर वीस तास. तुमचा बॅकअप अकरा तासांत संपला नाही, म्हणून मी पहिल्यांदा स्विचचा पोर्ट आणि नेटवर्क कार्डाचा लिंक स्पीड पाहीन. केबलची एक जोडी खराब झाली की गिगाबिटचा पोर्ट गुपचूप १०० वर उतरतो, बाकीची कामं चालू राहतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यासोबत कॉम्प्रेशन चालू आहे का तेही बघा.

सर्व्हिस रीस्टार्ट कधी करावी? शेअर तोडून झाला, बाहेरची प्रोसेस बंद झाली, तरी सेशन हलत नाही, आणि त्या अडकलेल्या सेशनमुळे नवा बॅकअप सुरूच होत नाही किंवा लॉग मोकळा होत नाही, तेव्हा. तीही रात्री, सगळ्यांना कळवून, आणि आधी इतर कुठलं मोठं ट्रान्झॅक्शन उघडं नाही ना हे पाहून. सकाळी दहाला सर्व्हिस पाडून सगळ्यांची कनेक्शन्स तोडण्याइतकं एक मेलेलं बॅकअप सेशन महत्त्वाचं नसतं. ते लॉग अडवत नसेल तर संध्याकाळपर्यंत पडू द्या. डेटाबेस अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड सेवेवर असेल तर ही चर्चाच वेगळी. तिथे नेटिव्ह बॅकअप टास्क म्हणून चालतो आणि टास्क आयडी देऊन ‘आरडीएस कॅन्सल टास्क’ या प्रोसीजरने थांबवायचा असतो.

आता पोस्टग्रेस. तिथे ‘पीजी डंप’ (डेटाबेस फाइलीत उतरवून घेणारा प्रोग्रॅम) थांबवणं त्याहून सोपं. तो एक वाचणारं ट्रान्झॅक्शन उघडून बसतो, म्हणून कंट्रोल-सी दाबा, किंवा ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’मधून त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढून ‘पीजी कॅन्सल बॅकएंड’ द्या, नाही ऐकलं तर ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’. लिनक्सवरून सर्व्हरच्या प्रोसेसला किल मायनस नाइन मात्र कधीही देऊ नका. एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) असा मेला की पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) बाकीची सगळी कनेक्शन्सही तोडतो आणि क्रॅश रिकव्हरी सुरू करतो.

डंप चालू असताना पोस्टग्रेस ‘लटकतो’ तो बहुधा एका ठरावीक कारणाने. डंपने प्रत्येक टेबलवर सगळ्यात हलकं लॉक शेवटपर्यंत धरलेलं असतं. त्याने वाचन-लेखन अडत नाही. पण त्याच वेळी कोणी डिप्लॉयमेंटमध्ये ‘ऑल्टर टेबल’ (टेबलाची रचना बदलणारी कमांड) चालवलं की ते डंपमागे थांबतं, आणि त्या टेबलकडे येणारी प्रत्येक क्वेरी त्या ऑल्टरमागे रांग लावते. वरून पाहणाऱ्याला वाटतं डंपने सगळं अडवलंय. अशा वेळी डंप नका मारू, ऑल्टर मारा. रांग क्षणात मोकळी होते, डंप चालू राहतो, आणि ऑल्टर रात्री परत चालवता येतं.

‘पीजी बेसबॅकअप’ (सगळ्या डेटा फाइलींची जशीच्या तशी प्रत घेणारा प्रोग्रॅम) सुरू करून काही मिनिटं काहीच घडताना दिसत नाही, हाही अडकण्याचा पुरावा नव्हे. तो आधी प्रायमरीवरचा (मुख्य सर्व्हरवरचा) चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) पुरा व्हायची वाट बघतो, आणि नेहमीच्या सेटिंगने चेकपॉइंट मुद्दाम सावकाश होतो. ‘चेकपॉइंट फास्ट’ आणि ‘प्रोग्रेस’ हे दोन्ही पर्याय देऊनच तो चालवा. १३ व्या आवृत्तीपासून ‘पीजी स्टॅट प्रोग्रेस बेसबॅकअप’ या व्ह्यूमध्ये तो कोणत्या टप्प्यावर आहे तेही दिसतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत जे झालं त्यात या मौनाचा वाटा होता. रेप्लिका (प्रायमरीची जोडीची प्रत) नव्याने उभी करताना बेसबॅकअप गप्प बसला. तो प्रायमरीकडून सुरुवात होण्याची वाट बघत होता, पण लोकांना वाटलं काहीतरी अडलंय. पुन्हा चालवण्यासाठी डेटा डिरेक्टरी साफ करायला घेतली, आणि ती निघाली प्रायमरीवरची. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. रोजचे डंप शोधायला गेले तर तेही नव्हते, कारण ९.६ च्या सर्व्हरवर ९.२ चा पीजी डंप चालत होता आणि फेल होत होता. सुमारे सहा तास आधीच्या डिस्क स्नॅपशॉटवर त्यांची सुटका झाली. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलं आहे.

डंप मध्येच तोडला की मागे उरलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने राहते आणि दिसायला अगदी चांगली दिसते. साध्या एसक्यूएल स्वरूपात घेतली असेल तर तिच्या शेपटाशी ‘पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट’ ही ओळ आहे का बघा. नसेल तर ती अर्धवट आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती लागायच्या आत काढून टाका.